यंत्र आत्ता कुठे आहे? क्रमनियंत्रणाच्या पायरीचा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे, आणि ते जुनं आहे. 'आधी' म्हणजे काय, 'नंतर' म्हणजे काय, एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली हे कोण ठरवतं, हे प्रश्न आमच्या शास्त्रात दोन-अडीच हजार वर्षं चघळले गेलेत. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही इंजिनिअर मंडळींना हेच प्रश्न सोडवावेच लागले. आम्ही उत्तर चुकलो तर फार तर एखादा परीक्षक नाराज होतो. त्यांचं उत्तर चुकलं तर कुणाचा तरी हात जातो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. आपल्याकडे साखर कारखाने भरपूर आहेत. तिथे सेंट्रिफ्युगल नावाचं यंत्र असतं. दाणेदार साखर आणि मळी यांचं घट्ट मिश्रण एका जाळीदार टोपलीत सोडतात. टोपली आधी हळू फिरते, माल भरला की भरणीचं दार बंद होतं, मग ती वेग घेते, मिनिटाला हजाराहून अधिक फेरे. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. मग पाण्याचा फवारा, मग आणखी फिरणं, मग ब्रेक. टोपली अगदी मंद झाली की एक पातं आत येतं आणि भिंतीला चिकटलेली साखर खरवडून खाली पाडतं. पातं बाजूला जातं, पुन्हा पहिल्यापासून.

आता विचार करा. टोपली पूर्ण वेगात असताना ते पातं आत आलं तर? पातं, टोपली आणि शेजारी उभा असलेला माणूस, कुणाचंच बरं नाही. म्हणजे यंत्राला फक्त 'काय करायचं' हे कळून भागत नाही. 'मी आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे' आणि 'पुढे जायला कशाची वाट पाहतोय' हेही कळावं लागतं. आज आपण ज्याला पीएलसी म्हणतो, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, त्यात हे ज्ञान कसं लिहायचं, याचा इतिहास मी सांगणार आहे. त्या इतिहासाचा नायक एक साधा शब्द आहे: पायरी.

क्रमाच्या प्रश्नाला माणसानं दिलेलं पहिलं उत्तर यांत्रिक होतं. फ्रान्समध्ये लियों शहरात १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जाकार यानं मागावर छिद्रांचे पुठ्ठे चढवले. प्रत्येक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. पुठ्ठे एकमेकांना शिवलेले, त्यामुळे क्रम हा वस्तूतच गोवलेला. कुणी विचारलं 'आता कुठे आलो?' तर बोट दाखवता येतं, हा पुठ्ठा. याच जातीचं दुसरं साधन म्हणजे कॅम टायमर. जुन्या वॉशिंग मशीनचं ते मोठं गोल बटण आठवा, टिकटिक करत फिरणारं. आत एक दांडा, त्यावर खाचा पाडलेल्या चकत्या, चकती फिरेल तसे स्विच लागतात आणि सुटतात.

यात अडचण कुठे आहे? क्रम आहे, पण तो घड्याळाच्या हाती आहे. साधा टायमर चार मिनिटांनी पुढे सरकतो, टाकी भरली असो वा नसो. चौकातला साधा सिग्नल असाच असतो, रस्ता रिकामा असला तरी लाल म्हणजे लाल. स्वयंपाकघरात कुणी असं वागत नाही. 'पाच मिनिटांनी मोहरी टाक' असं आई सांगत नाही, 'तेल तापलं की टाक' असं सांगते. म्हणजे क्रम वेळेनं बांधायचा की घटनेनं, हा पहिला फाटा. कारखान्यात दोन्ही लागतात, पण जिथे धोका आहे तिथे घटनेवाचून चालत नाही. टोपली थांबायला साधारण किती वेळ लागतो हे माहीत असून उपयोग नाही. ती खरोखर मंद झाली का, हे वेग मोजणाऱ्या सेन्सरनं सांगायला हवं.

घटनेचं उत्तर आलं रिलेच्या रूपानं. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. गुंडाळीत वीज गेली की लोहचुंबक तयार होतं, ते एक पट्टी ओढतं आणि दुसऱ्या मंडळातले संपर्क जुळतात किंवा सुटतात. दोन संपर्क एकापुढे एक जोडले तर 'हे आणि ते'. शेजारी शेजारी जोडले तर 'हे किंवा ते'. आणि एरवी जुळलेला, रिले ओढला की सुटणारा संपर्क म्हणजे 'नाही'. जॉर्ज बूल यानं १८५४ मध्ये विचारांचे नियम म्हणून जे बीजगणित मांडलं, ते या तारांना तंतोतंत लागू पडतं, हे क्लॉड शॅनन यानं एमआयटीतल्या १९३७ च्या प्रबंधात दाखवलं. त्यावेळी तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा क्षण फार मोठा वाटतो. जे आम्ही फळ्यावर लिहीत होतो ते तांब्यात उतरलं.

पण बूलच्या तर्कात काळ नाही. 'अ आणि ब' हे विधान आत्ता खरं आहे की नाही, एवढंच तो सांगतो. काल काय झालं होतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. यंत्राला मात्र कालचं आठवावं लागतं. टोपली हळू फिरते आहे, एवढ्यावरून काही कळत नाही. ती माल भरण्यासाठी हळू फिरत असेल, किंवा सगळं उरकून पात्याची वाट पाहत असेल. बाहेरून दिसणारी अवस्था एकच, अर्थ दोन. फरक पडतो तो इतिहासानं.

रिलेमध्ये स्मृती कशी आणायची? ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना हे उत्तर ठाऊक आहे, फक्त त्याला कुणी स्मृती म्हणत नाही. मोटरचा स्टार्टर. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटर चालूच राहते. का? कारण कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याचाच एक जादा संपर्क बटणाला समांतर जुळतो आणि कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो. इलेक्ट्रिशियन त्याला होल्डिंग म्हणतात. 'कुणीतरी मघाशी बटण दाबलं होतं' ही आठवण त्या एका तारेत साठवलेली असते. लाल बटण दाबलं की आठवण पुसली जाते. अशा स्मृती असलेल्या मंडळांची पद्धतशीर रचना कशी करायची, हे डेव्हिड हफमन यानं १९५४ मध्ये मांडलं, आणि मीली व मूर या दोघांनी त्याच सुमारास अवस्थायंत्राच्या कल्पनेला पक्कं रूप दिलं.

स्टार्टरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती पुढे लागणार आहे. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, होल्डिंग जातं. वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. हा दोष वाटतो, पण ती मुद्दाम ठेवलेली विस्मृती आहे. मधल्या वेळात कुणी पट्ट्यापाशी, पंपापाशी हात घातला असेल तर? आपल्या शेतकऱ्यांना रात्री-अपरात्री वीज मिळते, म्हणून त्यांनी ऑटो स्विच बसवले, वीज आली की मोटर आपोआप चालू. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, त्यावर मी हसणार नाही. पण एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर भार येतो आणि ते जळू शकतं, म्हणून महावितरण ऑटो स्विच काढायला सांगत असतं. प्रश्न लक्षात ठेवा: व्यत्यय आल्यावर यंत्रानं काय आठवावं आणि काय विसरावं?

आता अमेरिकेत जाऊ. १९६० च्या दशकातले मोटार कारखाने. एकेका उत्पादनरेषेमागे रिलेंची कपाटंच्या कपाटं, हजारो तारा. गाडीचं मॉडेल बदललं की यंत्रांचा क्रम बदलायचा, क्रम बदलला की तारा बदलायच्या. जाकारचा पुठ्ठा बदलणं त्यापेक्षा सोपं होतं! जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागानं, जिथे स्वयंचलित गिअरबॉक्स बनत, १९६८ मध्ये मागणी पुढे ठेवली: रिलेंच्या जागी असं काहीतरी द्या की जे कारखान्यातच बदलता येईल, धूळ आणि उष्णता सोसेल, आणि आमच्या माणसांना दुरुस्त करता येईल. बेडफर्ड असोसिएट्स या मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या कंपनीत रिचर्ड मॉर्ली याच्या डोक्यात त्याच वर्षाच्या आरंभापासून अशी कल्पना घोळत होती. त्यांच्या यंत्राचं नाव ०८४, कारण तो कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. त्यातून उभी राहिलेली कंपनी म्हणजे मोडिकॉन. यंत्राला पंखा नव्हता, बाहेरची हवा आत घ्यायची नाही म्हणजे कचराही आत जायचा नाही.

स्पर्धेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही मोठी संगणक कंपनीही होती. तिच्या पीडीपी-१४ या नियंत्रकात प्रोग्रॅम चक्क तारांच्या विणकामात साठवलेला असे, प्रोग्रॅम बदलायचा तर नवं विणकाम करून आणावं लागे. मोडिकॉनचा प्रोग्रॅम कारखान्याच्या जमिनीवर उभं राहून बदलता येत होता. मला वाटतं, पुढचा सगळा इतिहास या एका फरकात आहे.

तो बदलायचा कुठल्या भाषेत? इथे मॉर्लीच्या मंडळींनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. त्यांनी संगणकाची भाषा लादली नाही. इलेक्ट्रिशियन रिलेची आकृती जशी काढत होते तशीच ठेवली. दोन उभ्या रेघा म्हणजे वीजपुरवठ्याच्या दोन बाजू, त्यांच्यामध्ये आडव्या ओळी, त्यावर संपर्क आणि शेवटी गुंडाळी. दिसायला शिडीसारखी, म्हणून लॅडर. रिले गेले, पण त्यांचं चित्र राहिलं. काल पाना-टेस्टर घेऊन काम करणारा माणूस आज तीच आकृती पडद्यावर वाचू शकला.

हे आपोआप झालं असं समजू नका. डेव्हिड नोबल या इतिहासकाराचं 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' हे १९८४ चं पुस्तक आहे. त्यात त्यानं अंकनियंत्रित लेथ आणि मिलिंग यंत्रांचा इतिहास सांगितलाय. कुशल कारागिराच्या हालचाली नोंदवून त्याच पुन्हा वाजवायच्या, अशी एक पद्धत उपलब्ध होती. ती मागे पडली आणि कार्यालयात बसून प्रोग्रॅम लिहायची पद्धत पुढे आली. नोबलचं म्हणणं असं, की ही निवड केवळ तांत्रिक नव्हती, कारखान्यात हुकूम कुणाचा चालावा याचीही होती. त्या पार्श्वभूमीवर लॅडर उलट दिशेनं गेली असं मी म्हणेन. तिनं प्रोग्रॅम जमिनीवरच्या माणसाजवळ ठेवला.

पण लॅडरला एक मर्यादा होती, आणि ती बूलचीच होती. लॅडर वाचताना कळतं की 'कुठल्या अटी जुळल्या तर हा वॉल्व्ह उघडेल'. 'कुठल्या टप्प्यावर उघडेल' हे कळत नाही. टप्पे लपलेले असतात. चतुर माणसं मग प्रत्येक टप्प्यासाठी एक स्मृतीचा बिट ठेवू लागली. तिसरा बिट चालू असेल आणि टाकी भरली असेल, तर चौथा चालू कर आणि तिसरा बंद कर. वाचायला सोपं वाटतं. पण पीएलसी सगळं एकाच वेळी करत नाही. आधी सगळ्या सेन्सरांची अवस्था वाचून घेतो, मग प्रोग्रॅमच्या ओळी वरून खाली सोडवतो, मग बाहेरची उपकरणं हलवतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. याला स्कॅन म्हणतात, आणि तो काही मिलिसेकंदांत उरकतो. आता वरच्या ओळीत चौथी पायरी चालू झाली आणि लगेच खालच्या ओळीत चौथीतून पाचवीत जायची अट आधीपासूनच खरी असली, तर त्याच स्कॅनमध्ये यंत्र पाचवीत पोचतं. चौथी पायरी झाली, आणि झालीही नाही! तिचं काम एकदाही बाहेर गेलं नाही. ओळींचा क्रम उलटा लावला की हे होत नाही. म्हणजे कागदावर ओळ वर आहे की खाली, यावर फवारा पडणार की नाही हे ठरतं. हा तर्क म्हणायचा की नशीब?

दोनशे ओळींचा असा प्रोग्रॅम, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, रात्रपाळी, यंत्र अडकलेलं. देखभालीचा माणूस विचारतो: बाबा रे, तू कुठे आहेस आणि कशासाठी थांबलास? लॅडर त्याला दोनशे ओळी दाखवते. उत्तर त्यात असतं, पण चाऱ्याच्या गंजीत सुई असावी तसं.

याचं उत्तर कारखान्यातून आलं नाही, एका गणिती प्रबंधातून आलं. जर्मनीत कार्ल आडाम पेट्री यानं १९६२ मध्ये डार्मश्टाट इथे प्रबंध सादर केला, त्याच्या नावाचा अर्थ 'स्वयंचलित यंत्रांशी संवाद'. पेट्रीला खुपत होता तो एकच एक सार्वत्रिक घड्याळाचा समज. संकेत जायला वेळ लागतो, मग जगातल्या सगळ्या घडामोडींना एकाच 'आत्ता'ला कसं बांधायचं? त्यानं घड्याळ बाजूला ठेवलं आणि घटना कशा एकमेकींवर अवलंबून असतात तेवढंच चित्रात मांडलं. वर्तुळ म्हणजे स्थान, आडवी दांडी म्हणजे संक्रमण, वर्तुळातला ठिपका म्हणजे 'इथे आहे'. संक्रमणाआधीच्या सगळ्या स्थानांवर ठिपके असतील तर ते घडू शकतं. घडलं की आधीचे ठिपके जातात, पुढच्या स्थानांवर येतात. बस्स. एवढ्या साध्या आकृतीत क्रम, फाटे, समांतर कामं, एकमेकांसाठी थांबणं, सगळं बसतं.

फ्रान्समध्ये १९७५ साली आफ्सेट या संगणन-नियंत्रण क्षेत्रातल्या संस्थेनं एक गट नेमला. त्यात प्राध्यापक होते, तसेच कारखानदारीतले लोकही होते. प्रश्न असा होता: यंत्रानं काय करायचं हे ग्राहक, आरेखक, प्रोग्रॅमर आणि देखभालवाला या चौघांना एकाच चित्रात कसं दाखवायचं? १९७७ मध्ये त्यांनी उत्तर दिलं. त्याचं नाव ग्राफसेट. पेट्रीच्या जाळ्याचा प्रभाव त्यात उघड आहे, पण जाळं कारखान्याच्या शिस्तीत आणलेलं आहे. चौकोन म्हणजे पायरी. पहिली पायरी दुहेरी चौकोनाची. दोन पायऱ्यांमधल्या रेघेवर एक आडवी छेदरेघ, ते संक्रमण, आणि त्याच्या शेजारी अट लिहिलेली. चौकोनाच्या बाजूला त्या पायरीत करायचं काम. समांतर कामं सुरू होतात आणि मिळतात तिथे आडवी दुहेरी रेघ. एका शेगडीवर कुकर आणि ओट्यावर कणीक, दोन्ही स्वतंत्र चालू द्या, पण पानं घ्यायची ती दोन्ही झाल्यावर. ही दुहेरी रेघ.

त्याचे चालण्याचे नियम पाच. पहिला, आरंभी कुठल्या पायऱ्या जाग्या असतील ते ठरलेलं असतं. दुसरा, आधीच्या सगळ्या पायऱ्या जाग्या असतील आणि अट खरी असेल, तर संक्रमण झालंच पाहिजे. तिसरा, संक्रमण झालं की आधीच्या पायऱ्या झोपणं आणि पुढच्या जाग्या होणं एकाच क्षणी. चौथा, एकाच वेळी शक्य असलेली संक्रमणं एकाच वेळी होतात. पाचवा, एखादी पायरी त्याच क्षणी झोपायचीही असेल आणि जागी व्हायचीही असेल, तर ती जागी राहते. मघाशी जो ओळ वर की खाली हा घोळ सांगितला, तो तिसऱ्या आणि चौथ्या नियमानं संपतो.

आता तुम्ही मला माझ्या घरच्या मैदानावर थोडं खेळू द्या. दुसऱ्या नियमात 'होऊ शकतं' नाही, 'झालंच पाहिजे' आहे. पेट्रीच्या जाळ्यात संक्रमण होऊ शकतं इतकंच. ग्राफसेटनं हा फरक जाणूनबुजून केला. आमच्या नैयायिकांनी हाच भेद केला होता. एकेक कारण असलं म्हणून कार्य होतंच असं नाही, माती आहे म्हणून घडा होत नाही. पण कारणांची पूर्ण सामग्री जुळली की कार्य झाल्याशिवाय राहत नाही. संक्रमणाची अट म्हणजे ही सामग्री. आणि सामग्रीत काय काय येतं? नैयायिक म्हणतात, प्रतिबंधकाचा अभावही येतो. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं: आग आहे, लाकूड आहे, पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर लाकूड जळत नाही. मीमांसक म्हणाले, मण्यानं आगीची शक्तीच नष्ट केली. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत उलट बाजू मांडली: वेगळी शक्ती मानायची गरज नाही, मणी नसणं हेही जळण्याचं एक कारण धरा. कारखान्यात याला इंटरलॉक म्हणतात. दार उघडं नसणं, पातं आत नसणं, कुणी लाल बटण दाबलेलं नसणं, या सगळ्या 'नसण्या' वेग घेण्याच्या अटीत लिहाव्या लागतात.

पण नसणं ओळखायचं कसं? इथे इंजिनिअरनं आम्हाला शिकवण्यासारखं काही केलंय. लाल बटणाचा संपर्क एरवी जुळलेला ठेवतात, म्हणजे बटण दाबलेलं नसताना वीज वाहत असते. दाबलं की वीज तुटते आणि यंत्र थांबतं. असं का? उलटं केलं, दाबल्यावर वीज वाहील असं, तर तार तुटली तरी यंत्राला वाटेल की कुणी बटण दाबलेलं नाही. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे अभावाचं ज्ञान देणारं प्रमाण मानलं, पण अट घातली ती योग्यतेची: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तुटलेल्या तारेला ही योग्यता नसते. म्हणून धोका नाही याची साक्ष गप्प बसण्यानं द्यायची नाही, चालू असलेल्या प्रवाहानं द्यायची. माझ्या माहितीत या जुन्या चर्चेचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

इतिहासाकडे परत येऊ. ग्राफसेट १९८२ मध्ये फ्रान्सचं राष्ट्रीय मानक झालं आणि १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं, म्हणजे आयईसीनं, ते ८४८ क्रमांकाचं मानक म्हणून स्वीकारलं. फ्रान्सच्या तांत्रिक शाळांतली मुलं ते शिकू लागली. पण ते होतं वर्णनाचं चित्र. प्रत्यक्ष पीएलसीमध्ये लिहायची भाषा म्हणून १९९३ मध्ये आयईसी ११३१ या मानकाच्या तिसऱ्या भागात त्याचं भावंड आलं, सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट, थोडक्यात एसएफसी. लॅडर आणि इतर तीन भाषा शेजारी होत्याच. एसएफसीचं काम त्यांना पायऱ्यांच्या सांगाड्यात बसवणं. पायरीतलं काम कसं चालावं यासाठी अक्षरांच्या खुणाही ठरल्या: पायरी जागी असेपर्यंतच चालणारं काम, एकदा चालू केलं की वेगळं बंद करेपर्यंत चालणारं, ठरावीक उशिरानं सुरू होणारं, ठरावीक वेळच चालणारं.

यातलं दुसरं फार जपून वापरावं लागतं. पायरी संपली तरी काम चालूच, ते बंद करायची ओळ सात पायऱ्यांपुढे. मधेच कुणी क्रम तोडला तर? फवारा चालू राहतो, आणि कुठल्याच जाग्या पायरीत त्याचा उल्लेख नसतो. चित्र एक सांगतं, यंत्र दुसरंच करतं.

आणि इथे स्टार्टरचा प्रश्न परत येतो. वीज गेली तेव्हा टोपली पूर्ण वेगात होती, म्हणजे समजा पाचवी पायरी. पीएलसीला बॅटरी आहे, ती पायरी त्याला आठवते. अर्ध्या तासानं वीज आली. आता पाचवीपासून पुढे चालू ठेवायचं? टोपली तर केव्हाच थांबलीय, कुणीतरी झाकण उघडून आत डोकावत असेल. मग सगळं विसरून पहिल्या पायरीला जायचं? पहिल्या पायरीत भरणीचं दार उघडतं, आणि टोपली आधीच भरलेली आहे. दोन्ही उत्तरं चूक. बरोबर उत्तर असं, की यंत्रानं कुठे होतो ते आठवावं, पण स्वतःहून हलू नये. माणसाला विचारावं, एका वेगळ्या क्रमानं सावकाश सुरक्षित जागी यावं, आणि मग माणसानं सांगितलं तरच पुन्हा सुरू व्हावं. यंत्रांच्या विद्युतसुरक्षेचं आयईसी ६०२०४ हे मानकही हेच सांगतं की वीज परत आली म्हणून धोका होईल अशा रीतीनं यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. स्मृती हवी, पण स्मृतीला हुकमाचा अधिकार नको.

हे सगळं पायरीला नाव मिळाल्यामुळे विचारता येतं, असं माझं म्हणणं आहे. टप्पे आधीही होते, पण ते तारांत, खाचांत, बिटांत विखुरलेले होते. त्यांना चौकोन, क्रमांक आणि अट मिळाली तेव्हा रात्रपाळीचा माणूस पडद्याकडे बघून म्हणू शकला: पाचवीत आहे, आणि ब्रेकनंतरच्या कमी वेगाच्या संकेताची वाट बघतंय, म्हणजे सेन्सर बघायला हवा. पाच मिनिटांचं काम. नाहीतर तो अंदाजानं काहीतरी जबरदस्तीनं चालू करून बघतो, आणि अपघात नेमके अशाच वेळी होतात.

आज काय दिसतं? साधनं कितीतरी पटींनी वाढलीत. पण पुष्कळ ठिकाणी क्रम पुन्हा लपतोय. तो लांबलचक मजकुरी प्रोग्रॅममध्ये लिहिला जातो, किंवा यंत्र विकणारे प्रोग्रॅमला पासवर्ड घालून देतात. त्यांची बाजू आहे, त्यांच्या मेहनतीची नक्कल होऊ नये. मान्य. कुलूप कामाच्या तपशिलाला घालावं. पण यंत्र कुठल्या पायरीवर आहे आणि कशाची वाट बघतंय, एवढं त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाचता आलंच पाहिजे, आणि शक्य तिथे त्याच्या भाषेत. आयटीआयमधून आलेला पोरगा 'कमी वेगाची वाट बघत आहे' हे मराठीत वाचू शकला तर मानकाचा कुठलाही भंग होत नाही. पायरीचं नाव काय ठेवायचं यावर आयईसीनं मराठीला बंदी घातलेली नाही!

१९६८ मध्ये त्या मोटार कारखान्यानं मागितलं होतं की आमच्या माणसांना हे समजलं पाहिजे. १९७५ मध्ये फ्रेंच गटानं विचारलं होतं की चौघांना एक चित्र कसं दाखवायचं. दोन्ही वेळा तंत्र पुढे गेलं ते या मागणीमुळे. तुमच्यापैकी जे कारखान्यांत आहेत, यंत्रं विकत घेतात, प्रोग्रॅम लिहून घेतात, त्यांनी पुढच्या करारात ही एक ओळ घालावी: क्रमाची आकृती यंत्राबरोबर मिळाली पाहिजे, आणि ती पॅनेलजवळ लावलेली असली पाहिजे. खर्च कागदाचा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः जे रोज पॅनेलसमोर उभे असतात त्यांनी.